गुहेतली हाडं: ती तिथं आणली कोणी?

रानजाई

जानेवारीत घरच्यांबरोबर आंध्रातलं गंडिकोटा आणि बेलमच्या गुहा पाहून आले. बेलमच्या वाहनतळावर निम्म्या गाड्या एमएच पाट्यांच्या होत्या. त्याच भागात, कर्नूलकडे, बेतमचेर्ला गावाजवळ बिल्लासुर्गम नावाची जागा आहे, तिकडे मात्र कोणी वळत नाही. मी वळले. त्याच जागेबद्दल आणि तिथल्या हाडांबद्दल लिहायचं आहे.

बिल्लासुर्गम म्हणजे चुनखडकातल्या जुन्या गुहा. बऱ्याच ठिकाणी छत कोसळलंय, त्यामुळे आज त्या घळींसारख्या दिसतात आणि घळींच्या भिंतींत आत जाणारी तोंडं आहेत. कॅप्टन न्यूबोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली इथल्या हाडांबद्दल पहिल्यांदा लिहिलं. मग चाळीस वर्षं काही नाही. १८८४ मध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट इथे आले. चेन्नईजवळ पल्लावरमला १८६३ साली अश्मयुगातली दगडी हातकुऱ्हाड सापडली ती यांनाच. पुढचं खोदकाम त्यांचा मुलगा हेन्री याने केलं, तो तोफखान्यात लेफ्टनंट होता. या मंडळींनी गुहांना कॅथेड्रल, पर्गेटरी, चॅप्टर हाउस अशी नावं दिली. हाडांनी भरलेल्या गुहेला नाव पडलं चार्नेल हाउस, म्हणजे अस्थिघर. निघालेल्या हाडांचा अभ्यास जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी केला आणि १८८६ मध्ये छापला. त्यात गेंडा, साळिंदर, तरसं, माकडं, हरणं, रानगुरं, वटवाघळं असं सगळं आहे.

फूट यांना त्यातली बरीच हाडं माणसाने घडवलेली वाटली. टोक काढलेली, कड घासलेली. युरोपातल्या गुहांत अशी हाडाची हत्यारं नुकतीच गाजली होती, त्यामुळे भारतातही तसंच सापडलं याचा त्यांना आनंद झाला असणार. पण ती हाडं पुढे गहाळ झाली, त्यामुळे नव्या नजरेने ती तपासता येत नाहीत. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. हाड हातात नसेल तर वाद मिटत नाही.

आणि वाद मोठा आहे. गुहेत हाड सापडलं की आपण लगेच म्हणतो, आदिमानवाने शिकार केली, भाजून खाल्ली. पण गुहा काही एकट्या माणसाची नसते. तिथे बिबट्या राहतो, तरस पिल्लं घालतं, साळिंदर दिवसा झोपतं, वर कपारीत घुबड बसतं. यातला प्रत्येक जण हाडं आणतो किंवा टाकतो. शिवाय पावसाच्या पाण्याबरोबर वरून वाहून येतात, एखादं जनावर भोकातून आत पडून मरतं. म्हणून "कोणाचं हाड" याच्याबरोबर "आणलं कोणी" हे विचारावंच लागतं. माझ्या मते आधी हेच विचारायला हवं. मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत हाडं धुणं, निवडणं, मोजणं हे काम केलंय, त्यातून आलेलं हे मत आहे.

कोणाला या विषयात काही ठाऊक असेल, पाहिलं असेल, तर जरूर लिहा.

भटकी_पावलं

उत्तम धागा! बेलमला दोनदा जाऊन आलो, बिल्लासुर्गमचं नावही ऐकलं नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

प्रश्नचिन्ह

एक मूलभूत शंका. बोटभर तुकड्यावरून प्राणी ओळखता येतो हे मला पटत नाही. अख्खी कवटी असेल तर ठीक. तुकड्यावरून कसं?

रानजाई

@प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे. प्रत्येक तुकडा ओळखता येतो असं नाहीच. गोणीभर हाडांतली मोठी रास "सस्तन प्राणी, मध्यम आकार" एवढ्याच चिठ्ठीवर थांबते. ओळख पटते ती बहुधा सांध्याच्या टोकांवरून आणि दातांवरून. मधली नळी कोणाचीही सारखीच दिसते, पण टोकाचे उंचवटे आणि खाचा प्रत्येक प्राण्याच्या वेगळ्या असतात. त्यासाठी शेजारी आजच्या प्राण्यांचे सांगाडे ठेवावे लागतात आणि तुकडा हातात फिरवत जुळवून पाहावा लागतो. पुण्यात डेक्कन कॉलेजात असा संग्रह आहे. डॉ. पी. के. थॉमस, डॉ. प्रमोद जोगळेकर यांच्यासारख्यांनी तिथे आयुष्यं या कामात घातली. पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाणयुगीन इनामगावच्या लोकांनी कोणती जनावरं पाळली आणि कोणती मारून खाल्ली, हे आपल्याला अशाच कामामुळे कळतं.

सगळ्यात छळतात शेळी आणि मेंढी. चामडं नसेल तर दोघींची हाडं इतकी सारखी असतात की बऱ्याचदा "शेळी/मेंढी" असं एकत्रच लिहून पुढे जावं लागतं.

मोजण्याची पद्धतही सांगते. शंभर तुकडे म्हणजे शंभर जनावरं नव्हेत. समजा, हरणाच्या डाव्या दंडाच्या हाडाची कोपराकडची टोकं ५ मिळाली आणि उजव्याची ३. एका हरणाला डावा दंड एकच, म्हणून किमान ५ हरणं. तुकड्यांची संख्या आणि किमान प्राणीसंख्या असे दोन्ही आकडे द्यायचे असतात, कारण दोन्ही आपापल्या परीने फसवतात.

तळकोकणी

साळिंदराबद्दल मी सांगू शकतो. आमच्या बागेच्या वर कातळात एक बीळ होतं. माडाची रोपं दरवर्षी खायची म्हणून वडील फार वैतागलेले. पुढे ते बीळ ओस पडलं, तेव्हा लहानपणी आम्ही आत बॅटरी मारून पाहिलं. आत गुरांची हाडं, एक सांबराचं शिंग, सगळं सुकलेलं, पांढरं. आणि प्रत्येकावर तासणीने तासल्यासारखे पट्टे! कडा तर अशा निमुळत्या झालेल्या की माणसाने केल्या असं कोणीही शपथेवर सांगेल. आजोबा म्हणाले, साळिंदर दात घासतं. तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

रानजाई

@तळकोकणी, अगदी नेमकं वर्णन! साळिंदर हा कुरतडणारा प्राणी, पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवावे लागतात. हाडातून क्षारही मिळतात. त्याला ओलं, चरबीचं हाड आवडत नाही, सुकलेलंच हवं असतं. दातांचे पट्टे रुंद, तळाला सपाट आणि एकमेकांना समांतर उमटतात. दगडी पात्याची रेघ बारीक असते, आडव्या छेदात व्ही आकाराची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघेच्या आत आणखी बारीक रेघा दिसतात. तरसाच्या किंवा बिबट्याच्या दाताचा खड्डा गोलसर तळाचा असतो.

आता यावरून फूट यांच्या "घासलेल्या" हाडांचा विचार करा. लिडेकरच्या यादीत साळिंदर आहे, कर्नूलच्या हाडांवरूनच त्याने साळिंदराची एक नामशेष जातही वर्णिली. म्हणजे कुरतडणारा घरातच बसलेला होता.

ते शिंग आता कोणाकडे नसेल अशी आशा करते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गळून पडलेलं शिंगसुद्धा विनापरवाना घरात ठेवता येत नाही.

तळकोकणी

नाही नाही, तिथेच ठेवलं होतं. आजी घरात आणू देत नसे.

जोबर्गकर

मी गेली अकरा वर्षं जोहान्सबर्गला आहे. तुमचा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे जीवाश्मतज्ज्ञ सी. के. ब्रेन यांची जागा माझ्या घरापासून तासाभरावर आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

आधी मानवशास्त्रज्ञ रेमंड डार्ट; हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. दक्षिण आफ्रिकेतल्याच माकापान्सगाट नावाच्या गुहेतल्या हजारो हाडांवरून त्यांनी १९५० च्या दशकात मांडणी केली की आपले पूर्वज दगडाच्याही आधी हाडं, दात आणि शिंगं हत्यारं म्हणून वापरत. त्यांचा आधार असा होता: गुहेत काही हाडं भरमसाट आहेत आणि काही जवळपास नाहीतच. दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक ढिगाने, खांद्याकडचं मोजकंच. म्हणजे माणसाने निवडून आणली, कोपराकडचं टोक गदेसारखं वापरलं. मांडणी जबरदस्त होती, लोकांना पटलीही. आपण जन्मजात खुनी आहोत, ही कल्पना तिथूनच पसरली.

ब्रेन यांना शंका आली. ते नामिबियात कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांवर गेले. तिथले लोक शेळ्या पाळत, खात, हाडं अंगणात टाकत, आणि कुत्री ती चघळत. ब्रेन यांनी ती सगळी वेचली. या ढिगातही कोपराकडची टोकं भरपूर आणि खांद्याकडची नाहीत! तिथे कोणी गदा निवडत नव्हतं. जे टोक टणक ते उरलं, जे भुसभुशीत ते कुत्र्यांच्या पोटात गेलं.

त्यानंतर स्वार्टक्रान्स, जोहान्सबर्गजवळची गुहा. १९६० च्या मध्यापासून वीसेक वर्षं ते तिथे खणत राहिले. तिथल्या एका मानवसदृश पोराच्या कवटीवर, मागच्या बाजूला, दोन गोल भोकं आहेत, एकमेकांपासून ३३ मिलिमीटरवर. ब्रेन यांनी बिबट्याचा जबडा आणून लावला. खालचे दोन सुळे त्या भोकांत बसले. बिबट्या भक्ष्य झाडावर नेऊन ठेवतो, आणि इथल्या उघड्या माळावर झाडं उगवतात ती बहुधा गुहांच्या तोंडाशीच, जिथे ओल असते. खाताना पडलेली हाडं सरळ खाली गुहेत. म्हणजे शिकारी समजलेला पूर्वज खरं तर शिकार होता.

मी ती जागा पाहिली तेव्हा गुहेच्या तोंडाशी खरंच झाड होतं. मी बराच वेळ नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

ब्रेन २०२३ मध्ये गेले. डार्ट यांच्याबद्दल त्यांनी कधी हिणकस लिहिलं नाही. डार्टनी तो प्रश्न विचारला नसता तर आपण शेळ्यांची हाडं वेचायला गेलोच नसतो, असा त्यांचा भाव असे. हे मला फार मोठं वाटतं.

भटकी_पावलं

जोबर्गकर, अंगावर काटा आला. त्या कवटीतल्या भोकांबद्दल वाचून रात्री झोप लागली नाही.

गुरांचा_डॉक्टर

व्यवसायाने पशुवैद्य आहे. वरच्या प्रतिसादातलं टणक-भुसभुशीत हे कशामुळे, ते सांगतो. वाढत्या वयात लांब हाडाची दोन्ही टोकं मधल्या नळीपासून सुटी असतात, मध्ये कूर्चेची चकती असते. वाढ थांबली की ती जुळतात. शेळीत दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक पहिल्या वर्षाच्या सुमारास जुळतं आणि चांगलं घट्ट होतं. खांद्याकडचं टोक तीन वर्षं उलटली तरी जुळलेलं नसू शकतं, आणि आतून जाळीदार असतं. आपल्याकडे मटणाला जाणारा बोकड वर्ष-दीड वर्षाचा. म्हणजे खांद्याकडचं टोक न जुळलेलंच. कुत्र्याला ते बिस्किटासारखं आहे.

याच जुळण्यावरून मेलेल्या जनावराचं वय काढता येतं.

बार्शीकर_गोठा

डॉक्टरसाहेब, वयाचं आम्ही बाजारात दातावरूनच बघतो. आदत म्हणजे दुधाचे दात, मग दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळला. खोंडाला पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी येते, बोकडाला त्याच्या बरीच आधी. जबडा उघडला की किंमत ठरली. हे लोक जुन्या जबड्यावर असंच करतात का?

रानजाई

@बार्शीकर_गोठा, दादा, अगदी असंच! फरक एवढाच की गुहेत पुढचे दात बहुधा गळून गेलेले असतात, म्हणून दाढांवर भर. कोणती दाढ उगवली, कोणती किती झिजली. त्यातून कळपातली कोवळी मेली की म्हातारी हे समजतं. माणूस जाळं लावून किंवा कळप कोंडून मारतो तेव्हा सगळ्या वयाची जनावरं सापडतात. पाठलाग करून शिकार करणारा प्राणी बहुधा पिल्लं आणि थकलेली उचलतो. यावरूनही "आणलं कोणी" याचा अंदाज बांधता येतो. एकट्या या पुराव्यावर मात्र विसंबता येत नाही.

प्रश्नचिन्ह

मग या न्यायाने कर्नूलच्या गुहांत माणूस नव्हताच म्हणायचं का? सगळं साळिंदर आणि बिबट्यावर ढकलणं हाही दुसऱ्या टोकाचा आग्रह झाला. डार्ट एका बाजूने चुकले, तुम्ही दुसऱ्या बाजूने चुकाल.

रानजाई

@प्रश्नचिन्ह, हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला मान्य आहे. माणूस नव्हता असं मी म्हणत नाही. डॉ. एम. एल. के. मूर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागातली मुच्छाट्ल चिंतामानु गवी ही गुहा खणली. मूर्ती मूळचे डेक्कन कॉलेजचे. त्यांना दगडी हत्यारं थोडी आणि हाडाची बरीच मिळाली. शिवाय एक चूल मिळाली! तिथल्या भाजलेल्या मातीचं वय सुमारे १७,००० वर्षं निघालं. चूल साळिंदर मांडत नाही. थर, चूल, दगडी पाती आणि हाडं ही एकत्र मिळाली की बोलणं वेगळं होतं. तरीही त्यातलं एकेक हाड स्वतंत्रपणे तपासायलाच हवं. चूल आहे म्हणून शेजारचं प्रत्येक टोकदार हाड हत्यार ठरत नाही.

माणसाचा हात निःसंशय दिसतो तो श्रीलंकेत. फा-हियन लेना या गुहेत ४५,००० वर्षांपूर्वीपासूनची हाडं आहेत, आणि त्यात सगळ्यात जास्त माकडं आणि खारी. कापल्याच्या खुणा, जळल्याच्या खुणा, आणि माकडांच्याच हाडांपासून घडवलेली बाणाची टोकं. दाट पावसाळी जंगलात माणूस तगू शकत नाही असं मानलं जायचं. झाडावरची चपळ, छोटी जनावरं मारून तो तिथे पिढ्यान् पिढ्या राहिला, हे त्या तुकड्यांनी दाखवलं. मोठी शिंगं गोळा करणाऱ्या जुन्या पद्धतीत हे हाती लागलंच नसतं. माती बारीक चाळणीतून काढली, पाण्यात धुतली, म्हणून खारीचं हाड मिळालं.

कांदेपोहे

चाळणीवरून आठवलं. घुबडाबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबड होतं. खाली केसाळ गोळ्या पडायच्या, फोडल्या की आत उंदराची अख्खी कवटी, बरगड्या, सगळं जागच्या जागी. गुहेतही हे होत असणार ना?

रानजाई

@कांदेपोहे, होतं, आणि फार उपयोगी पडतं. घुबड आसपासच्या एक-दोन मैलांतले उंदीर, चिचुंद्री आणून गुहेत साठवतं. उंदराच्या काही जाती गवताळ माळावरच्या, काही झाडीतल्या. हजारो वर्षांच्या थरांत त्यांचं प्रमाण बदललं की बाहेरचं रान बदललं हे कळतं. कर्नूलच्या गुहांतल्या उंदरांच्या दातांवर असं काम झालंय. तो दात तांदळाच्या दाण्याहून लहान असतो.

आणि बिल्लासुर्गमची गोष्ट अर्धी राहिली. धारवाडचे डॉ. रवी कोरीसेट्टर, मायकेल पेट्राग्लिया आणि त्यांचे सहकारी या शतकात पुन्हा तिथे गेले. फूट यांनी खणलेल्या जागांच्या कडा साफ करून, थरांची वयं काढून हाडं पाहिली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला. ओळखू आलेल्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी २० प्रकार किमान एक लाख वर्षांपासून, आणि बरेचसे दोन लाख वर्षांपासून, आजतागायत भारतात टिकून आहेत! गेला तो एकच, आफ्रिकेतल्या गेलाडा माकडाच्या जातकुळीतला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत याच काळात मोठे प्राणी झपाट्याने संपले. इथे इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची राख पडली (ती जवळच ज्वालापुरमला आजही दिसते), कोरडे काळ आले, माणूस आला, तरी ते तगले. काही एका भागातून हटले, दुसरीकडे राहिले. तुकड्या-तुकड्यांच्या रानांत का होईना, पण राहिले.

हे वाचलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. आधी आनंद झाला, मग भीती वाटली. दोन लाख वर्षं जे तगले, त्यांच्यातले किती आपल्या हयातीत जातील?

भटकी_पावलं

महाराष्ट्रात अशा गुहा का नाहीत? आपल्याकडे तर गुहाच गुहा आहेत.

रानजाई

आपल्याकडच्या बहुतेक बेसाल्टात कोरलेल्या लेण्या. बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही, चुनखडक विरघळतो, म्हणून कर्नूलला खोल नैसर्गिक गुहा आणि आपल्याकडे नाहीत. चुन्यामुळे हाडही टिकतं. आपल्याकडच्या अश्मयुगीन प्राण्यांची हाडं मिळतात ती गोदावरी, घोड, मांजरा अशा नद्यांच्या काठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत. डॉ. जी. एल. बादाम यांनी त्यावर मोठं काम केलंय. आणि जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला तर शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली, नक्षी कोरलेली.

एक कळकळीची विनंती. कुठेही घळीत, नदीकाठी हाड दिसलं तर उपसू नका. फोटो काढा, जागा नोंदवा, पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. थरातून उचललेलं हाड मुकं होतं.

बार्शीकर_गोठा

ताई, जोबर्गकरांचा प्रतिसाद वाचल्यापासून एक डोक्यात होतं. मागच्या आठवड्यात आमच्यात कंदुरी झाली, सहा बोकड. खाटकाला सांगून पुढच्या पायांची दंडाची हाडं सांध्यापाशी न तोडता मधोमध सत्तुराने तोडून घेतली, म्हणजे १२ कोपराकडची टोकं, १२ खांद्याकडची. जेवणं झाल्यावर सगळी मोजून मळ्यात एका जागी टाकली. वस्तीवरची चार कुत्री. आठ दिवसांनी पोरांना घेऊन अख्खा मळा पालथा घातला.

कोपराकडची ९ सापडली. खांद्याकडचं एक, तेही अर्धं खाल्लेलं.

गुरांचा_डॉक्टर

वा! बोकड किती दाती होते?

बार्शीकर_गोठा

पाच आदत, एक दुसा. ते अर्धं उरलेलं दुशाचं असावं, बाकीच्यांपेक्षा जाड आहे.

जोबर्गकर

बार्शीकर, हे वाचून किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही. हाडं टाकून देऊ नका.

रानजाई

दादा, खरंच टाकू नका. मंद आचेवर साध्या पाण्यात उकळा, कुकर लावू नका, ब्लीच अजिबात नको, त्याने हाड कुसतं. सावलीत वाळवा. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घाला. कुत्र्याच्या दातांच्या आणि सत्तुराच्या खुणा एकाच हाडावर असलेले नमुने शिकवायला फार मोलाचे असतात.

बार्शीकर_गोठा

उकळून झाली. धाकटीने क्रमांक घातलेत, १ ते १०. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलीत, मांजराचा हात पोचणार नाही अशी. दिवाळीनंतर पुण्याला येणं आहे, तेव्हा घेऊन येतो.